एका पंगतीला एकच खादाड

सिंधू, इकडे ये. अशी लांब नको राहू. जवळ बस अन् कान दे, कारण आज मले तुले रागवायचं आहे.

असं कोणी जाते का? दोरीवर ओले कपडे, डोक्याले तेल लावलेलं, वेणी अर्धी. नणंद दोन घरं सोडून राह्यते, तिले एक हाक नाही. साधं देवळात जायचं असलं तरी तू सांगून जायची, अन् या खेपेले काहीच नाही. तुही तेरवी झाली. लोक जेवून गेले. जाताना तुह्याबद्दल गोड गोड बोलले. सोशिक होती म्हणे, कोणाले उलटून बोलली नाही म्हणे. मी कोपऱ्यात बसून दात आवळत होती. जिनं मार खाल्ला ती सोशिक. अन् ज्यानं मारला तो? त्याच्यासाठीही लोकायजवळ गोड शब्द आहे. "थोडा तापट आहे."

तो माहा भाऊ आहे. दिगंबर, घरातला दिगू. मी त्याले कडेवर घेऊन वाढवला, त्याचं नाक माह्या पदराले पुसलं. म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मले आहे, अन् मी बोलली. काय बोलली, कोणापुढं बोलली, ते सांगतेच. पण तुह्यासंग एक भांडण अर्धं राह्यलं आहे, ते आधी पुरं करू दे.

कुठून सुरू झालं ते भांडण, आठवते? त्या मेल्या फ्यूजपासून. तुह्या घरी मीटरखाली तो चिनीमातीचा पांढरा फ्यूज, त्याच्यात एक बारीक तार, अन् सारं घर त्या एका तारेवर. दिगू टीव्हीपुढं मॅच पाहत बसला अन् आत तुह्या हातून कपड्याची प्रेस लागली, पाण्याचा रॉड लागला, का फटकन आवाज, अन् सारं बंद. मंग तो उठायचा. जे हाताले लागन ते. पट्टा, चप्पल, पोळपाट. एकदा कूलरची वायर. वायरीचा वळ कसा उठते ते मी तुह्या पाठीवर पाह्यलं आहे, मधात पांढरा अन् दोन्ही कडेनं जांभळा. मी हळद लावली त तू म्हणाली, "बाई, दाबू नका, नुसती ठेवा."

अन् मारून झालं का तो खाटेवर बसून हुकूम सोडायचा, "लाव आता." तू स्टुलावर चढायची, टॉर्च दातात धरायची, अन् नवी तार बांधायची. कारण त्याले बांधता येत नव्हती. इतक्या वर्षांत त्यानं तो फ्यूज कधी हातात घेऊन पाह्यला नाही. मारायचं काम त्याचं, बांधायचं काम तुहं.

दुसरी कोणी असती त तिनं लाईटीचीच धास्ती घेतली असती, बटनाले हात लावला नसता. तू एक दिवस मिक्सर काखेत मारून माह्या घरी आली, चटणी अजून झाकणाले लागलेली, अन् तो माह्या मांडीवर उलटा पाडला.

"बाई, याच्या बुडाशी काय लिव्हलं?"

मी शाळेचं तोंड पाह्यलं नाही. दुकानाच्या पाट्या अन् सामानाच्या पुड्या वाचत वाचत अक्षरं शिकली, तीही आपली. इंग्रजी ना मले, ना तुले. पण आकडा तो आकडाच. मी म्हणलं, "पाचशे. अन् पुढं हे अक्षर, दोन डोंगर उलटे ठेवल्यावाणी."

तू बोट ठेवून पाह्यलं. "म्हणजे उलट्या डोंगराच्या आधी जो आकडा, तो याचा आहार."

झालं, त्या दिवसापासून तुहं खूळ सुरू झालं. तो ऑफिसात गेला का तू एकेका वस्तूची पाठ पाहायची. टीव्ही भिंतीपासून ओढला, फ्रिज ओढताना कंबर धरली. पंखा पंच्याहत्तर. कूलर दोनशेच्या आतबाहेर. प्रेस हजार. पाणी तापवायच्या रॉडवर मुठीजवळ दीड हजार. कॉइलच्या शेगडीले आकड्याची पट्टीच नव्हती, त बाजारात दुकानदाराले विचारून आली, दोन हजार. अन् मंग माह्या ओट्यावर बसून मले समजावून सांगितलं, जशी मीच तुही लहान जाऊ.

"बाई, तापवते ते खाते. फिरवते ते नुसतं चाखते. पंखा, टीव्ही, मिक्सर हे चाखणारे. रॉड, शेगडी, प्रेस हे खादाड. अन् आमच्या घरी वाढपी एकच, ती तार. चाखणारे चार बसवले तरी तिले पुरते. एका खादाडासंग दुसरा बसवला का वाढपी मेला."

"मंग?"

"मंग काय. एका पंगतीला एकच खादाड."

तेव्हापासून तुह्या घरचा स्वयंपाक मी पाहत होती. हिवाळ्यात तू आधी रॉड लावायची, पाणी तापलं का रॉड काढायची, बटन बंद, प्लग बाहेर, रॉड खुंटीले. मंग शेगडी. मंग ती विझली का प्रेस. ज्योती लहान होती, दुसऱ्या पोरी बडबडगीत म्हणायच्या अन् तुही पोरगी पाट्यावर बसून म्हणायची, एका पंगतीला एकच खादाड, एका पंगतीला एकच खादाड. दिगूनं ते कधी ऐकलं नसन का? ऐकलं असन. पण तुह्या तोंडचं किंवा पोरीच्या तोंडचं काही ध्यानात ठेवावं, असं त्याले वाटलं नाही.

गल्लीतल्या बायायले त तू मास्तरीणच झाली. ती गोदाबाई आपली शेजारीण, आठवते कशी रडत आली होती? "माहा पोरगा रातंदिवस मोबाईल चार्जिंगले लावते, म्हणून मीटर पळते. मी चार्जर तोडूनच टाकला."

तू विचारलं, "अन् घरात पाणी कशानं तापते?"

"रॉडनं. सहा जणायचं. एक बालटी झाली का दुसरी."

"गोदाबाई, चार्जर उंदरावाणी खाते अन् रॉड हत्तीवाणी. तुम्ही अंगणात हत्ती बांधला अन् उंदरामागं झाडू घेऊन धावून राह्यल्या."

सारा ओटा हसला. गोदाबाई म्हणे, "मंग आंघोळ करू नाही का?" तू म्हणाली, "करा ना. पण हजाराचं काहीही घंटाभर चाललं का एक युनिट गेलं, हे ध्यानात ठेवून करा. बालटी झाकली, पाणी तापल्याबरोबर रॉड बंद केला, तेवढा हत्ती उपाशी." घरी गेल्याबरोबर तिनं पोराले नवा चार्जर आणून दिला. परवा तुह्या तेरवीले ती पोरगा संग घेऊन आली होती, अन् कोणी काही विचारलं नाही तरी सांगत होती, "हिनं आमच्या घरचं भांडण मिटवलं." मी मनात म्हणलं, तुमचं मिटवलं, हौ.

कारण तुहं मिटलं नाही. अन् इथंच आपलं वाजलं.

त्याच्या आधी ती जाड तार. दिगूनं एक दिवस कोण्या दोस्ताले आणलं अन् फ्यूजमधी आगकाडीएवढी जाड तांब्याची तार घालून घेतली. "आता उडू दे," म्हणे, अन् सगळ्यायले दाखवत फिरला, जसा धरण बांधून आला. दुसऱ्या दिवशी तू पळत माह्याकडं. "बाई, भिंतीतल्या वायरीचा वास येऊन राह्यला. जाड तारेनं फ्यूज वाचते अन् घर जळते." तो ऑफिसात असताना तू स्टुलावर चढली, ती तार काढली, बारीक लावली, अन् जाडी माह्या चुलीच्या राखेत पुरायले दिली. त्याले सांगितलं नाही. तो हेच समजत राह्यला का फ्यूज त्याच्या तारेनं टिकून आहे. टिकून राह्यला होता तुह्या पंगतीनं.

फ्यूज उडणं बंद झालं. अन् मार?

मी तुह्या मनगटावर डाग पाह्यला त्या दिवशी, तिकोनी, प्रेसच्या टोकाचा. मी विचारलं, आता काहून? तू म्हणाली, "वरणात मीठ." त्याच्या आधी काय होतं, दाराची कडी. त्याच्या आधी, ज्योतीचा फोन लांबला. माह्या डोक्यात आग गेली.

"सिंधू, फ्यूज उडते म्हणून तो मारत नव्हता. त्याले मारायचं असते, म्हणून तो फ्यूज शोधते. तू चुकीच्या मशीनचा अभ्यास करून राह्यली. ज्याचा करायचा तो खाटेवर बसला आहे."

तू डागावर फुंकर मारत म्हणाली, "त्याच्या पाठीवर पट्टी नाही ना, बाई."

मले हसू आलं अन् हसू आल्याचा राग आला. मी म्हणलं, सोड त्याले. चाल माह्या घरी, नाही त लालबर्ऱ्याले माहेरी जा. तू म्हणाली, माहेरी दोन दिवस पाहुणी म्हणून ठेवते बाई, तिसऱ्या दिवशी विचारते, परत कधी. अन् तुमच्या घरी आली त तो तुमचं दार फोडन. मी म्हणलं, फोडू दे, मी त्याचं डोकं फोडीन. एकदा त्याले मोगरीनं बडवला होताच मी. कपडे धुवायच्या मोगरीनं, पाठीवर, खांद्यावर, गल्लीत, सगळ्यायच्या देखत. मोठी बहीण म्हणून त्यानं हात उचलला नाही, नुसता मांजरावाणी फिसकारत राह्यला. त्याचं त्यानं तुह्याकडून वसूल केलं, तेव्हापासून तू मले हात जोडले का बाई, मधात पडू नका. मी मोगरी ठेवली. पण त्याले बडवल्याचा मले आजही पस्तावा नाही. आणखी चार द्यायले पाहिजे होत्या.

मंग त्या डागाच्या दिवशी तू एक गोष्ट बोलली. तू म्हणाली, "बाई, मार थांबला नाही त नाही थांबला. पण आधी मले वाटायचं, काहीतरी माहंच चुकते, म्हणून घर अंधारते. आता मले माहीत असते का माहं चुकलं नाही. मार तोच बसते, पण आत बसत नाही."

मी उठून गेली. रागानं. आत बसत नाही म्हणे. हाडात त बसते ना? कानाचा पडदा फाटला तो आतच होता ना? मी मनात जुळवून ठेवलं होतं का दिवाळीनंतर निवांत बसू तेव्हा तुले सांगीन, पोरी, एवढं समजते तुले, त हेही समज का जिथं वाढपी एकच अन् खादाड तुहा नवरा, तिथं तू नुसती ताटातली चटणी आहे. सांगायचं राह्यलं. आता सांगून राह्यली, त तू ऐकून घेशीन अन् उलटून एक शब्द बोलणार नाही. असं भांडण मले नको होतं.

त्या सकाळी मी अंगण झाडत होती. थंडी होती. तुह्या घरून त्याचा आवाज आला, मंग एक दणका आला. ते दोन्ही आवाज मले रोजचे. पण दणक्यानंतर तू कण्हायची, नाही त भांडं सरकवायची, तसं काही आलं नाही. मी झाडू टाकून निघाली.

तू न्हाणीच्या उंबऱ्यात आडवी. डोकं धुण्याच्या दगडाच्या कडेले. रक्त मोरीकडं चाललं होतं, अन् त्याच्यात तुह्या डोक्याचं तेल तरंगत होतं. बालटी उभीच होती, भरलेली, तिच्यात रॉड. दिगू भिंतीले टेकून उभा होता अन् बोलत होता, मले नाही, भिंतीले. "करंट लागला. रॉड चालू होता. हिनं हात घातला. करंटनं फेकलं. मी प्लग काढला." समोरच्या खोलीत टीव्हीवर कोणीतरी राशीचं भविष्य सांगत होतं. चुलीजवळ शेगडीची कॉइल लाल होती अन् भात उतू जाऊन तिच्यावर चरचर करत होता. मी तुहं डोकं मांडीवर घेतलं. मंग कोणास ठाऊक काहून, उठून शेगडी बंद केली. बाईच्या हाताले सवय असते. बालटीत हात गेला, त टाकीचं पाणी, बोटं दुखतील असं गार.

दवाखान्यातून तुले आणलं अन् शेवटचं नाव्हू घातलं, ते मीच. तुह्या दंडावर चार बोटं होती अन् मागच्या अंगाले एक अंगठा. मानेच्या मागं तसाच दुसरा पंजा. जुने वळ मले सारे पाठ होते, कोणता पट्ट्याचा, कोणता वायरीचा. हे ताजे होते. मी पाणी ओतत राह्यली अन् ते धुऊन जात नव्हते.

ज्योती गोंदियाहून आली तेव्हा तुले नेलं होतं. पोरगी रडली नाही. संध्याकाळी माह्याजवळ बसली अन् विचारत गेली, वकिलावाणी.

"आत्या, भात कशावर होता?"

"शेगडीवर."

"चालू होती?"

"लाल होती. मीच बंद केली."

"अन् टीव्ही?"

"चालू होता."

मंग ती हळूच म्हणाली, "मंग रॉड चालू कसा असन, आत्या?"

सिंधू, मी तिथंच होती, माह्या डोळ्यानं सारं पाह्यलं होतं, अन् मले दिसलं नव्हतं. शेगडी लाल, म्हणजे रॉड लावल्याबरोबर फ्यूज गेला असता, टीव्ही गेला असता, शेगडी काळी पडली असती. अन् गेलेला फ्यूज बांधणार कोण? बांधणारी त न्हाणीत पडली होती. त्यानं तुले दंड धरून, मान धरून आपटली, अन् मंग खुंटीवरचा रॉड काढून बालटीत सोडला. त्याले वाटलं, बाईचं मरण, त्यातही करंटचं, कोण खोलात जाऊन पाहते. ज्या फ्यूजसाठी इतकी वर्षं तुले फोडली, तो कशानं उडते हे त्या माणसाले अजून माहीत नव्हतं.

सकाळी काकाजी आले, आमचे चुलते, साऱ्या खानदानात मोठे. आम्ही पोलीस थाण्यात चाललो हे त्यायले कसं समजलं कोणास ठाऊक. म्हणे, "घरची गोष्ट घरात ठेव. गेलेली गेली. राह्यलेल्याले काहून मारतं? त्याची सरकारी नोकरी जाईन. पोरीच्या सासरी काय तोंड दाखवायचं?"

मी म्हणलं, "काकाजी, ती गेली नाही. तिले धाडली."

"तुहा सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणूनच मी चालली. परक्यानं सांगितलं असतं त तुम्ही म्हणाले असते, आपल्यावर जळते."

ज्योती अन् मी थाण्यात गेलो. बालाघाटचं थाणं, सारं काम हिंदीत. थानेदार बाई आहे, तुह्या ज्योतीपेक्षा दोन चार वर्षांनी मोठी असन. माही हिंदी तुले माहीत. मी म्हणलं, "साहब, एक पंगत में एकच खाऊ बैठता है." शिपाई हसला. ती नाही हसली. म्हणाली, "अम्मा, आराम से बताइए, शुरू से." मी शुरू से सांगितलं. तार, वाढपी, खादाड, चाखणारे, दीड हजार, दोन हजार. जाड तार तू कशी काढली अन् कुठं पुरली, तेही. तिनं सारं लिहून घेतलं अन् म्हणाली, "चलिए, लगाके देखते हैं."

दिगू खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली, टीव्ही चालू. तिनं त्याले पहिले विचारलं, रॉड अन् शेगडी दोन्ही चालू होतं का. तो म्हणे, "हाँ मैडम, दोनों चालू थे. मेरे घर का फ्यूज उड़ता ही नहीं, मैंने मोटा तार डलवाया है." छाती काढून म्हणाला. मले वाटलं, आता तरी ओठ चाव रे, गाढवा. बहीण होती ना मी.

लाईट ऑफिसचा माणूस संग आणला होता. त्यानं फ्यूज काढून दाखवला, बारीक तार, तुह्या हातचा पीळ. तसाच परत लावला. शेगडीवर भांडं ठेवलं, बटन दाबलं. कॉइल लाल झाली. बालटीत रॉड सोडला, प्लग घातला, सगळे लांब सरकले, अन् त्यानं बटन दाबलं.

फटकन आवाज झाला. टीव्ही गेला.

अन् सिंधू, दिगूचा हात खाली गेला. चपलेकडं. त्यानं वर पाह्यलंही नाही. चप्पल उचलली अन् नेहमीच्या आवाजात, जरा कंटाळल्यावाणी म्हणाला, "काय लावलं वो तिकडं?"

थानेदार बाईनं विचारलं, "किससे पूछ रहे हैं आप?"

त्यानं स्वयंपाकघराकडं पाह्यलं. हातातल्या चपलेकडं पाह्यलं. मी त्याचं तोंड लहानपणापासून पाहत आली आहे, त्या घडीले मले दिसलं का तू घरात नाही, हे त्याले आत्ता समजलं. रडला तो. पहिल्यांदा. कोणासाठी रडला ते मले विचारू नको.

त्याले नेलं. डॉक्टरचा कागदही आला, अंगावर करंटाची निशाणी नाही. तुही तेरवी त्याच्याशिवाय झाली. अर्धी खानदान जेवायले आली नाही, जे आले त्यातले अर्धे माह्याशी बोलले नाही. बोलू नको म्हणा. तू म्हणायची ना, मार आत बसत नाही? तसं ते.

तुही माफी नाही मागत मी. आभार मानते, त्याचं तुले आश्चर्य वाटन. माह्या पाठच्या भावानं तुले मारली, अन् ज्या समजेले मी नावं ठेवली त्याच समजेनं तू मले त्याच्यापुढं उभी केली. तुले ती वाचवू शकली नाही, ते मी म्हणत होती तेच खरं झालं. अन् तुहं चुकलं नव्हतं हे साऱ्या बालाघाटले समजलं, म्हणजे तू म्हणत होती तेही खरं. जिंकलं कोण, ते मी नाही ठरवत.

आता खरं काम सांगते. पुढल्या आठवड्यात मले कोर्टात साहेबापुढं बयान द्यायचं आहे. थाण्यातलं वेगळं अन् हे वेगळं, इथं सांगितलं ते फिरवता येत नाही. काकाजी रोज येऊन राह्यले. नुसतं म्हणजो, म्हणते, का शेगडी लाल होती का नाही ते बुढ्या माणसाले आता आठवत नाही. एवढ्यानं तो सुटन. परवा त्यानं जेलातून निरोप धाडला, "बाईले म्हणा, थंडी आहे, एक कंबल पाठव." सिंधू, मी पाठवली. जाडी पाठवली. तू रागवली असशीन. रागव.

पण मले भेव त्याचं नाही, माहंच आहे. त्याच दिवशी त्याचीही तारीख आहे म्हणे. तो तिथं उभा राहीन, वाळलेला, अन् मले "बाई" म्हणन. तू मले जसं म्हणायची तसंच. तू ते त्याच्यापासूनच शिकली होती. अन् त्या एका हाकेनं माह्या जिभेवरून शेगडीची लाली निघून गेली, त? मी बारा गावचं पाणी प्यायलेली बाई, मोगरी चालवलेली बाई, पण कडेवरचं पोर कडेवरून पूर्ण कधी उतरत नाही, हे तुले ज्योती झाल्यावर समजलंच असन.

म्हणून म्हणते, त्या दिवसाच्या आधी एकदा ये. वाटलं त सकाळीच ये, ऊन अंगणात आलं का. काही बोलू नको, मले समजवू नको, माह्या बाजूनं नुसती बसून राह्य, म्हणजे कोर्टात मले तुह्याकडं पाहायची सवय राहीन, त्याच्याकडं नाही. ज्योती सोमवारी येऊन राह्यली. जमलं त तिच्याही आधी, घरात मी एकटी आहे तोवर. लवकर येजो, सिंधू.